हजारो पॅकेजांच्या संग्रहात नवख्याला वाट कशी सापडेल?

वाटाड्या:
साधारण चार हजार पॅकेजांचा, म्हणजे बसवता येतील अशा प्रोग्रामांचा आणि त्यांच्या भागांचा, एक मुक्त संग्रह आहे. वर्गवारी आहे, शोधखिडकी आहे, प्रत्येक पॅकेजला स्वतःचं पान आहे. तरी नवीन माणूस येतो, दोन-तीन शब्द टाकून बघतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. त्याला पीडीएफमधली चार पानं वेगळी काढायची असतात आणि समोर येते पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररींची (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडची) रांग. हवं ते संग्रहात असतं, पण त्याच्या हाती लागत नाही.

सांभाळणाऱ्यांत सध्या दोन तट आहेत. काहींना वर्ग बावीसवरून साठ करायचे आहेत. काही म्हणतात वर्गांना हात लावू नका, शोध सुधारा. मला वाटतं, आधी प्रत्येक पॅकेजची एका ओळीची ओळख दुरुस्त करावी. वर्गाची यादी असो की शोधाचा निकाल, नवखा वाचतो ती तेवढीच ओळ. सुरुवात कुठून करावी आणि कशात वेळ घालवू नये, जाणकारांनी सांगावं.

टर्मिनलवाली:
ओळीपासूनच करा. डेबियन या लिनक्स प्रणालीचा नियम सोपा आहे: ओळ ८० अक्षरांच्या आत, पॅकेजचं नाव तिच्यात पुन्हा नको, पूर्ण वाक्यही नको. तपासायची युक्तीही तिथलीच. "अमुक म्हणजे" यापुढे ती ओळ जोडून वाचायची, अर्थ लागला तर ओळ ठीक. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या पोर्ट्समध्ये (तिच्या पॅकेजांच्या संग्रहात) ७० अक्षरांची मर्यादा आहे. फ्लॅटहब हे लिनक्सचं ॲप-दालन तर ३५ वर थांबायला सांगतं.

काय गाळायचं ते आधी ठरवा. जलद, आधुनिक, हलकं, शक्तिशाली, वापरायला सोपं. ही विशेषणं चार हजारांतल्या प्रत्येकाला चिकटवता येतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. कुठल्या भाषेत लिहिलंय हे फक्त लायब्ररीच्या बाबतीत सांगा. मग उरतं काय करतं आणि कशावर करतं.

नको: "आधुनिक, विस्तारक्षम दस्तऐवज-प्रक्रिया साधन"
हवं: "पीडीएफची पानं जोडणं, वेगळी करणं, फिरवणं, क्रम बदलणं"

दुसऱ्या ओळीतले शब्द आणि माणूस खिडकीत टाकतो ते शब्द एकच आहेत. शोधही त्याच कष्टात सुधारतो.

पिंपळपान:
+१. फक्त ३५ ची मर्यादा देवनागरीला जशीच्या तशी लावू नका. तपासणारा प्रोग्राम बहुधा युनिकोडची (संगणकाच्या अक्षर-संकेताची) चिन्हं मोजतो, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नाही. "क्षि" हे आपल्याला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं. वर "हवं" म्हणून दिलेली ओळ ३५ मध्ये मावणार नाही. मराठी ओळीला ६० चिन्हं ठेवा आणि मोबाइलच्या पडद्यावर ती दोन ओळींत मावते का ते डोळ्यांनी पाहा.

कप्पेवाला:
थोडा असहमत. ओळ उत्तम झाली तरी ती दिसायला माणूस त्या यादीपर्यंत पोचायला हवा. ज्याला नेमका शब्दच ठाऊक नाही, त्याला शोधखिडकीचा काय उपयोग? ध्वनिमुद्रणातली खरखर काढायची आहे, पण त्याला "नॉइज रिडक्शन" म्हणतात हे माहीत नाही. असा माणूस वर्ग चाळतच पुढे जातो. साठ वर्ग करा असं मी म्हणत नाही, पण वर्ग मोडीतही काढू नका.

डेस्कटॉपच्या मेनूसाठी फ्रीडेस्कटॉप या सामायिक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाने मुख्य वर्ग ठरवलेले आहेत: ग्राफिक्स, ऑफिस, शिक्षण, खेळ, विकसन, नेटवर्क, विज्ञान वगैरे. मोजून तेराच आहेत आणि उपवर्ग त्यांच्या पोटात. पहिल्या पायरीला दहा-पंधरांवर दारं नकोत.

द्विबिंदू:
@कप्पेवाला, अडचण वर्गांच्या संख्येपेक्षा झाडाच्या रचनेत आहे. झाडात एका वस्तूला एकच फांदी मिळते. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला एकच सेक्शन असतो. मग नकाशे काढणारा प्रोग्राम विज्ञानात ठेवायचा की ग्राफिक्समध्ये, यावर वाद होतो, आणि निकाल काहीही लागला तरी निम्मे लोक चुकीच्या कप्प्यात शोधतात. फ्रीबीएसडीने यावर उपाय केलाय: पोर्ट राहतो एकाच मुख्य वर्गाच्या फोल्डरमध्ये, पण त्याच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आणखी वर्ग लिहिता येतात, आणि काही वर्ग तर आभासी आहेत, त्यांचं फोल्डरच नसतं.

पुढची पायरी म्हणजे पैलूंची वर्गवारी. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं तेव्हा हाच प्रश्न पुस्तकांच्या बाबतीत सोडवला. पुस्तकाला एका खणात कोंबायचं नाही, त्याचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ हे पैलू वेगळे सांगायचे आणि मग जोडायचे. डेबियनची डेबटॅग्ज ही पद्धत अशीच पैलूंवर उभी आहे. भूमिका (प्रोग्राम, लायब्ररी, दस्तऐवज), उपयोग (संपादन, रूपांतर, पाहणं), कशावर चालतं (चित्र, ध्वनी, मजकूर), वापर कुठून (टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, की खिडकी). नवखा "चित्र" निवडतो, मग "रूपांतर", मग "खिडकी", आणि तीन टिचक्यांत चार हजारांची यादी वीसवर येते.

एवढे चार पैलू पुरे. प्रत्येक पैलूत पंधराच्या आत किमती, म्हणजे "चित्र", "ध्वनी" असे निवडायचे पर्याय. प्रत्येक किमतीपुढे पॅकेजांची संख्या दाखवा आणि जिथे शून्य उरतं ती किंमत लपवा, म्हणजे माणूस कधीच रिकाम्या पानावर आदळत नाही.

जुनं_खोड:
ऐकायला छान, पण या पैलूंचे टॅग लावणार कोण? हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) नवी आवृत्ती चढवतो तेव्हा टॅगकडे बघत नाही. वर्षभरात निम्मी पॅकेजं टॅगविना राहतात, आणि गाळणी लावली की टॅग नसलेलं चांगलं पॅकेज यादीतून गायबच होतं. वाईट टॅगपेक्षा न लावलेला टॅग जास्त नुकसान करतो, कारण तो कुणाला दिसत नाही.

आणि मोकळे टॅग तर देऊच नका. कुणी "सीएलआय" लिहितो, कुणी "कमांडलाइन", कुणी "टर्मिनल". तिन्ही एकच.

द्विबिंदू:
दोन्ही मुद्दे मान्य. म्हणून टॅग आपोआप जितके निघतील तितके काढा. पॅकेजमध्ये डेस्कटॉप फाइल (प्रोग्राम मेनूत दाखवणारी छोटी फाइल) आहे म्हणजे बहुधा खिडकीचा प्रोग्राम. नाव लिबने सुरू होतं किंवा डेव्हने संपतं म्हणजे बहुधा लायब्ररी. लिबरऑफिससारखे अपवाद वेगळे ठेवा. डेस्कटॉप फाइलच्या माइमटाइप ओळीत कुठल्या फाइली उघडतो ते लिहिलेलंच असतं, त्यातून "कशावर" हा पैलू निघतो. हाताने भरायचा उरतो एकटा "उपयोग". तो भरल्याशिवाय नवं पॅकेज आत घेऊ नका. जुन्यांसाठी "अजून वर्गवारी नाही" अशी किंमत उघडपणे दाखवा, म्हणजे ती गायब होणार नाहीत.

मोकळ्या टॅगबद्दल क्रेट्स.आयओ या रस्ट भाषेच्या संग्रहाची तोड चांगली आहे: पाच मोकळे कीवर्ड आणि ठरलेल्या यादीतले पाच वर्ग, त्याहून जास्त नाहीत. मोकळे शब्द शोधासाठी, ठरलेले चाळण्यासाठी.

शोधयात्री:
आता शोधाचं. बहुतेक संग्रहांत शोध बिघडतो तो तीन कारणांनी.

पहिलं, सगळ्या मजकुराला सारखं वजन. ॲप्ट या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा साधा शोध नावात आणि पूर्ण वर्णनात कुठेही शब्द सापडला की ओळ दाखवतो आणि क्रम लावतो वर्णमालेने. "एडिटर" टाकलं की ज्याच्या लांबलचक वर्णनात तो शब्द ओझरता आलाय तेही येतं. म्हणून वजनं द्या. सुरुवातीला नावाला १०, एका ओळीला ५, कीवर्डना ५, लांब वर्णनाला १, आणि नाव तंतोतंत जुळलं तर ते थेट सर्वांत वर. नंतर निकाल बघून आकडे हलवा.

दुसरं, गर्दी. एका प्रोग्रामच्या मागे त्याची लायब्ररी, डेव्ह (विकसकांसाठीचं) पॅकेज, दस्तऐवज, चुका शोधायला लागणारी डीबग चिन्हं अशी चार-पाच पॅकेजं येतात. मुख्य पॅकेज दाखवा, बाकीची त्याच्या पोटात घडी घालून ठेवा. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यात ६४ हजारांहून अधिक पॅकेजं होती. नवख्याने स्वतःहून चालवायचे प्रोग्राम त्यांतले थोडेच. आधी तेवढेच दाखवा आणि "सगळं दाखवा" हे बटण शेजारी ठेवा.

तिसरं, रिकामे निकाल कुणी वाचत नाही. दर आठवड्याला दोन याद्या काढा: ज्या शब्दांना काहीच मिळालं नाही ते, आणि मिळालं पण कुणी टिचकी मारली नाही ते. वरचे वीस शब्द घ्या आणि योग्य पॅकेजच्या कीवर्डमध्ये घाला. "खरखर" हा शब्द तुम्हाला याच यादीत सापडेल, @कप्पेवाला. डेस्कटॉप फाइलमध्ये यासाठी कीवर्ड्स हे घर आहेच. ते पडद्यावर दिसत नाही, फक्त शोधात लागतं, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळं लिहिता येतं.

एक काळजी घ्या: शोधखिडकीत लोक चुकून पासवर्डही चिकटवतात. पाचपेक्षा कमी वेळा आलेले शब्द साठवूच नका, आणि शब्दासोबत आयपी पत्ता तर मुळीच नको.

मधुमालती:
खूप शिकायला मिळतंय, धन्यवाद सर्वांना. एक शंका: लोकप्रियता क्रमात धरायची की नाही? किती जणांनी घेतलंय हे कळलं तर नवख्याला धीर येतो.

जुनं_खोड:
ताई, धरा, पण थोडीच. डेबियनची पॉपकॉन ही लोकप्रियतेची मोजणी मुळात ऐच्छिक आहे. शिवाय तिथे "बसवलेलं" आणि "वापरात असलेलं" हे दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक पहिलाच वाचतात. एखादी लायब्ररी शेकडो प्रोग्रामांना लागते म्हणून ती लाखो यंत्रांवर असते. ती कुणी निवडलेली नसते. "वापरात" हा आकडा फाइल शेवटची कधी उघडली यावरून काढतात, आणि डिस्क नोएटाइम या पर्यायाने जोडली असेल तर ती वेळ नोंदलीच जात नाही.

धरायचीच तर बसवण्याच्या आकड्याचा लॉगॅरिदम घ्या आणि तो सारखे गुण मिळालेल्यांत क्रम लावण्यापुरता वापरा. सरळ आकडा धरलात तर कालचं पहिलं पॅकेज उद्याही पहिलंच राहतं, कारण पहिलं दिसतं म्हणूनच लोक ते घेतात.

टर्मिनलवाली:
"धीर येतो" हे खरं आहे. तो धीर निवडक यादीतून द्यावा, आकड्यातून नव्हे. आर भाषेच्या सीरॅन या संग्रहात २० हजारांहून अधिक पॅकेजं आहेत आणि तिथे २००५ पासून टास्क व्ह्यूज आहेत: एका विषयाचं एक पान, ते सांभाळणाऱ्यांची नावं वर लिहिलेली, गाभ्याची पॅकेजं वेगळी खूण करून दाखवलेली. सीटीव्ही हे पॅकेज घेतलं की अख्खा विषय किंवा फक्त गाभा एका आज्ञेत बसवता येतो. पर्ल भाषेच्या सीपॅन या संग्रहात टास्क-केन्शो हेच काम करतं.

यादी करताना एका कामाला जास्तीत जास्त तीन पर्याय आणि त्यांतला एक "हा घ्या" म्हणून पुढे. बाकी दोघांपुढे एकेक कारण, कधी घ्यायचा: "फाइल फार मोठी असेल तर", "टर्मिनलमधून आपोआप करायचं असेल तर". दहा नावं नुसती लिहून ठेवली तर निवड पुन्हा नवख्याच्याच गळ्यात पडते.

कप्पेवाला:
आणि याद्या शिळ्या होतात त्याचं काय?

टर्मिनलवाली:
प्रत्येक यादीवर एक जबाबदार माणूस आणि शेवटची तपासणी केल्याची तारीख. सहा महिने उलटले की पानावर आपोआप पट्टी येते, वर्ष उलटलं की यादी पहिल्या पानावरून उतरते. पंधरा याद्यांनी सुरुवात करा, पन्नास नकोत. सांभाळायला माणूस मिळत नसेल तर यादी काढूच नये.

जुनं_खोड:
याद्यांची मेटापॅकेजं (इतर पॅकेजं सोबत ओढून आणणारी पॅकेजं) करणार असाल तर एक सावधगिरी. आतली पॅकेजं "डिपेंड्स"मध्ये (असलीच पाहिजेत अशा यादीत) घातली आणि वापरणाऱ्याने त्यांतलं एक काढलं, की मेटापॅकेजही निघून जातं. मग पुढच्या ऑटोरिमूव्हला (नको असलेली पॅकेजं काढणाऱ्या आज्ञेला) बाकीची सगळी पॅकेजं कुणालाच नको असलेली ठरतात आणि साफ होतात. नवख्याला वाटतं, एक खेळ काढला तर अर्धं यंत्र का रिकामं झालं! "रेकमेंड्स"मध्ये (नुसत्या शिफारशीत) घाला, एक काढलं तरी बाकीची जागेवर राहतात.

पिंपळपान:
अवांतर, पण शोधाला धरूनच: मराठीत शोध चालवायचा असेल तर आधी अक्षरं एकसारखी करून घ्या.

"ॲप" दोन प्रकारे टाइप होतं. एकात पूर्ण "ॲ" हे एकच चिन्ह असतं, यू+०९७२, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात "अ" आणि त्यावर वेगळी चंद्र खूण, यू+०९४५. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण ते एकत्र करत नाही, कारण ते समतुल्य म्हणून नोंदलेलेच नाहीत. हा बदल तुम्हाला हाताने कोडमध्ये लिहावा लागतो. तसाच "वर्‍हाड"मधला अर्धा र: कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा टाइप करतं, कुणी नुक्तावाला ऱ आणि हलन्त असा. अदृश्य चिन्हं काढून टाका आणि ऱ चा र करा, शोधाच्या सूचीत आणि माणसाने टाकलेल्या शब्दात, दोन्हीकडे.

मग व्हिडिओ, व्हिडीओ, व्हिडियो. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा आणि "इओ-इयो"ची जोडी समानार्थी म्हणून घाला. छायाचित्र, छायाचित्राचा, छायाचित्रांना यांसाठी शब्दाची सुरुवात जुळली की पुरे, असा नियम ठेवा. किमान चार चिन्हं जुळायला हवीत. तीनवर ठेवलात तर भलतंच बाहेर येतं.

शोधयात्री:
@पिंपळपान, हे प्रमाणीकरणाचं कोड लिहिलं तर कृपया मुक्त परवान्याखाली टाका. प्रत्येक संग्रहाला लागणार आहे.

सर्व्हरच्या बोजाची भीती असेल तर: पायपीआय या पायथन भाषेच्या संग्रहाला पिप सर्च ही शोधाची आज्ञा डिसेंबर २०२० मध्ये बंद करावी लागली, कारण त्या मार्गावरचा भार झेपेना. चार हजारांच्या संग्रहाला तो प्रश्नच यायला नको. नाव १५ बाइट, मराठी ओळ ६० चिन्हांची म्हणजे १८० बाइट, कीवर्ड सव्वाशे. एका पॅकेजला ३२० बाइट धरले तर सगळी सूची १२ लाख ८० हजार बाइट, म्हणजे सव्वा एमबीच्या आसपास. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट जवळपास सारखेच असल्याने ती चांगली दाबली जाते. ती फाइल एकदा ब्राउझरमध्ये उतरवा आणि शोध तिथल्या तिथे चालवा. नेट मंद असलं तरी टाइप करताकरता निकाल दिसतो.

मधुमालती:
आणखी एक विचारते. पॅकेज सापडलं, बसवलंही, पण मग चालवायचं कसं तेच कळत नाही. मेनूत दिसत नाही, नाव टाइप केलं तर "कमांड सापडली नाही".

टर्मिनलवाली:
अगदी नेमका मुद्दा काढलात. हा नवख्यांचा सर्वांत मोठा अडथळा आहे आणि तो एका ओळीने सुटतो. डेबियनमध्ये फाइली शोधणारं एफडी हे साधन एफडी-फाइंड या नावाच्या पॅकेजात आहे आणि चालवायचा शब्द आहे एफडीफाइंड. बॅट बसवलं तर चालवायचं बॅटकॅट. रिपग्रेप बसवलं तर टाइप करायचं नुसतं आरजी. पहिल्या दोघांचं कारण म्हणजे तीच छोटी नावं आधीच दुसऱ्या पॅकेजांकडे होती. प्रत्येक पानावर "बसवायचा शब्द" आणि "चालवायचा शब्द" अशा दोन चौकटी शेजारीशेजारी ठेवा. दुसरी चौकट पॅकेजमधल्या बिन (चालवायच्या फाइलींच्या) फोल्डरच्या यादीवरून आपोआप भरते.

उलट दिशेनेही लागतं: कुणी धड्यात कमांड वाचतो, पॅकेज माहीत नसतं. ॲप्ट-फाइल हे साधन ते सांगतं, पण आधी त्याचं अपडेट चालवावं लागतं. तुमच्या शोधात कमांडची नावंही सूचीत घातलीत तर हे शिकवायची गरजच पडणार नाही.

पानाच्या पहिल्या पडद्यावर क्रम असा: ओळ, चित्र, दोन्ही शब्द, तीन चालणारी उदाहरणं, शेवटची आवृत्ती कधीची. परवाना, अवलंबनं, बदलांची यादी खाली. उदाहरणांसाठी टीएलडीआर या थोडक्यात मदत देणाऱ्या पानांचा नमुना बघा. तिथे एका साधनाला आठपर्यंतच उदाहरणं असतात आणि प्रत्येकावर एक साधी ओळ.

द्विबिंदू:
आणि ज्यांचा विकास थांबलाय त्यांची पानं उडवू नका. जुन्या धड्यांतून लोक त्याच नावाने येत राहतात. "हे आता सांभाळलं जात नाही, याच्याऐवजी अमुक घ्या" अशी पट्टी सर्वांत वर लावा आणि शोधात त्याला तळाशी ढकला. जवळपासच्या स्पेलिंगवर "तुम्हाला हे म्हणायचंय का" विचारा, पण परस्पर बसवू मात्र नका. फसवी पॅकेजं असल्याच चुकीच्या स्पेलिंगवर टपून असतात.

वाटाड्या:
सर्वांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वर्ग साठ करायचा विचार बाजूला ठेवतोय. आधी ओळी, त्यातही मेनूत दिसणाऱ्या प्रोग्रामांच्याच, मग चालवायचा शब्द, मग रिकाम्या निकालांची यादी. "उपयोग" पैलू नव्या पॅकेजांना आजपासून सक्तीचा करतो. हे साधतंय की नाही ते तपासायचं कसं?

शोधयात्री:
पाच नवखे बसवा. काम त्यांच्या भाषेत सांगा आणि साधनाचं नाव किंवा पानावरचा शब्द तोंडातून निघू देऊ नका: "या ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करा." तीन मिनिटं, मदत नाही. पहिला शब्द कोणता टाइप केला तो लिहून घ्या, आणि कुठल्या ओळीवर नजर थांबली ते. दुरुस्तीआधी एकदा, नंतर दुसऱ्या पाच जणांसोबत एकदा. तीच माणसं पुन्हा नकोत, त्यांना उत्तर माहीत झालेलं असतं.

वाटाड्या:
बरं. पहिल्या तीन ओळी इथेच टाकतो, चुका काढा.

१. ध्वनिमुद्रण करणं, कापणं, जोडणं, खरखर कमी करणं
२. फोटोंचा आकार आणि प्रकार एकदम बदलणं
३. डिस्कवरील जागा-व्याप्तीचे दृश्य विश्लेषण

टर्मिनलवाली:
पहिल्या दोन उत्तम. दुसरीत "एकदम" ऐवजी "अनेक फोटोंचा" असं सुरुवातीलाच घ्या, यादीत शेवटचे शब्द कापले जातात. तिसरी बदला: "डिस्कची जागा कुठल्या फोल्डरने खाल्ली ते चित्रात पाहणं". माणूस "जागा" आणि "फोल्डर" टाइप करतो, "व्याप्ती" कुणी करत नाही.